रुपये-खुर्द्याची गणती

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. तिची वार्ता नानासाहेब पेशव्यांस उत्तरेकडे कूच करीत असता माळव्यात मिळाली, आणि ती कोणा सरकारी जासुदाकडून नव्हे, तर वाटेत हाती आलेल्या एका सावकारी पत्रावरून मिळाली, असे इतिहासकार सांगत आले आहेत. सावकारी रिवाजाप्रमाणे त्या पत्राची भाषा सांकेतिक होती. विश्वासराव व सदाशिवरावभाऊ यांचा निर्देश त्यात दोन मोत्यांनी केलेला होता; पडलेल्या थोर सरदारांचा सत्तावीस मोहरांनी; आणि राहिलेल्यांविषयी, म्हणजे रुपये व खुर्दा यांविषयी, त्यांची गणती होण्यासारखी नाही एवढेच कळविलेले होते.

त्या सावकारास दोष देण्याचा आमचा हेतु नाही. त्याने घाईत, भयात आणि आपल्या धंद्याच्या भाषेत जे कळविणे शक्य होते ते कळविले. दोष आहे तो त्याच्यामागून आलेल्यांचा. घाई नव्हती, भय नव्हते, कागद मुबलक होता, अशा काळातही आपण इतिहास लिहिला तो त्याच सावकाराच्या पद्धतीने. मोत्ये मोजली, मोहरा मोजल्या, आणि खुर्द्यापाशी येताच लेखणी खाली ठेविली. मरण आणि दुःख हे इतिहासाचे व वाङ्मयाचे सनातन विषय आहेत असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु कोणाचे मरण आणि कोणाचे दुःख, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज तो विचारण्याचे आम्ही योजिले आहे.

पानिपतावर जो खुर्दा गेला तो कोण होता, याचा थोडा विचार करावा. त्यात बारगीर होते, पायदळाचे शिपाई होते, घोड्यांची चाकरी करणारे, बाजारबुणगे, लष्कराबरोबर उत्तरेच्या यात्रेस निघालेले भाविक आणि पुष्कळशी बायकामुले होती. हे लोक लढाईच्या एका दिवसात मेले एवढेच नव्हे, तर त्यापूर्वी दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेल्या छावणीत उपासमार सोशीत होते. रसद तुटल्यामुळे भुकेने मरण्यापेक्षा लढून मरावे, या निर्वाणीनेच अखेरीस फौज बाहेर पडली. त्यांच्या घरी दक्षिणेत काय झाले असेल? भाऊसाहेबांचा मृत्यु संशयित राहिला म्हणून त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही, हे प्रसिद्धच आहे. पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला. त्याच्या बंडाने राज्य हालले, आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन झाल्यावरच ते प्रकरण मिटले. एका मनुष्याच्या मरणाची शहानिशा करण्यास राज्याने पंधरा वर्षे खर्ची घातली, ते योग्यच झाले. परंतु त्याच रणात ज्यांचे बारगीर नवरे परतले नाहीत अशा किती बायकांस कुंकू ठेवावे की पुसावे हेही कळले नसेल! त्यांच्याकरिता कोणी तोतयासुद्धा आला नाही, आणि त्यांच्या संशयाची नोंद करणारी बखरही कोणी लिहिली नाही.

याहून मागे गेल्यास एक उदाहरण असे मिळते की, ते प्रत्येक वाचणाऱ्या मनुष्याने एकदा तरी मनात घोळवावे. १६३० साली पाऊस गेला आणि गुजराथ व दक्षिण या प्रांतांवर दोन-तीन वर्षे टिकलेला भयंकर दुष्काळ कोसळला. बादशहा शहाजहान त्या वेळी दक्षिणच्या मोहिमेनिमित्त बऱ्हाणपुरास होता. त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने दुष्काळाचे वर्णन केले आहे आणि त्यात पिठात हाडांची पूड मिसळून विकली जात असल्याचेही नमूद केले आहे. बादशहाने अन्नछत्रे घातली व साऱ्याची सूट दिली, हेही त्याच ग्रंथात आहे. त्याच बऱ्हाणपुरात जून १६३१ मध्ये बादशहाची बेगम मुमताजमहल बाळंतपणात मरण पावली. तिच्याकरिता पुढे आग्र्यास जी इमारत उठली ती पाहावयास आजही सारे जग येते.

आणि त्याच दुष्काळात इंद्रायणीकाठच्या देहू गावी एका वाण्याची बायको अन्न अन्न करीत मेली. त्या वाण्याचे दिवाळे निघाले, गुरेढोरे गेली, पोटचा मुलगा गेला. तो वाणी म्हणजे तुकाराम. त्याने आपल्या अभंगात हे सर्व कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहे: दिवाळे निघाल्याची लाज, बायकोच्या मरणाची लाज, जनात तोंड दाखविण्याची चोरी. रखमाबाईचे नाव आज आपणास ठाऊक आहे ते तिच्या नवऱ्याने ते दुःख शब्दांत मांडले म्हणून. ती राणी होती म्हणून नव्हे. एकाच दुष्काळी मुलुखात, एकाच सुमारास दोन स्त्रिया गेल्या. एकीच्या स्मरणार्थ संगमरवर लागला, दुसरीस काही अभंग पुरले. परंतु या दोघींच्या मध्ये ज्या लक्षावधि स्त्रिया त्या दोन वर्षांत मेल्या, त्यांस दगडही मिळाला नाही व शब्दही मिळाला नाही.

आमच्या व्यापारी वाचकांनी या गोष्टीतील आणखी एक अंग लक्षात घ्यावे. परंपरा असे सांगते की, दुष्काळानंतर तुकोबांनी घराण्याची कर्जखते काढिली, धाकट्या भावाच्या वाटणीची त्यास दिली, आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडविली. या कृत्यास आपण वैराग्य म्हणून वंदन करतो व मोकळे होतो. परंतु ते केवळ वैराग्य होते काय? ज्यांच्या घरी माणसे मेली त्यांच्याकडून येणे वसूल करावयाचे नाही, हा त्यात व्यवहाराचाही निर्णय होता. दुसऱ्याचे दुःख खरोखर मनास भिडले म्हणजे ते वहीपर्यंत पोहोचते, आणि वहीपर्यंत जे पोहोचत नाही ते मनास भिडले होते की नाही याविषयी शंका घेण्यास जागा राहते.

वाङ्मयाकडे वळावे तर तेथेही हाच प्रकार बऱ्याच अंशी दिसतो. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने करुणास रसांत मानाचे स्थान दिले. परंतु रंगभूमीवर मरण दाखवू नये व नाटकाचा शेवट गोड व्हावा, असाही दंडक घातला. तो दंडक मोडून मरणान्त नाटक मराठीत रूढ झाले ही आमच्या मते प्रगतीच होय. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले आणि सिंधूच्या हालांनी व मरणाने प्रेक्षकांस रडविले. ते अश्रू खोटे नव्हते. दारूने उद्ध्वस्त होणारी घरे त्या अश्रूंत होती. परंतु वर्ष कोणते होते ते पाहावे. त्याच्या आधीच्या पावसाळ्याच्या अखेरीस, म्हणजे १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, इन्फ्लुएन्झाच्या साथीने हिंदुस्थानात हाहाकार उडविला होता. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ माणसे मेली. सबंध देशातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्या आसपासपर्यंत जातात. म्हणजे नाटकगृहात बसून सिंधूकरिता रडणाऱ्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांच्या घरी चार-सहा महिन्यांपूर्वीच कोणी ना कोणी गेलेले असले पाहिजे. असे असता त्या साथीवर रचलेले, लोकांच्या ओठी राहिलेले एखादे मराठी नाटक वा कादंबरी आपण चटकन सांगू शकतो काय? हिंदीत निराला यांनी आपल्या घरच्या संहाराची हकीकत 'कुल्ली भाट' या पुस्तकात लिहून ठेविली. बंगालने १९४३ च्या दुष्काळाचे दुःख पुढच्याच वर्षी 'नवान्न' नाटकाच्या रूपाने रंगभूमीवर मांडले. आमच्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 'काळ तर मोठा कठीण आला' या गोष्टीत दुष्काळाने देशोधडीस लागलेल्या कुटुंबास वाङ्मयात जागा दिली, हे त्यांचे मोठेच उपकार होत. परंतु १९१८ च्या वाट्यास असा हरिभाऊ आला नाही.

याचे कारण काय असावे? ते त्याच साथीच्या आकड्यांत थोडेसे सापडते असे आम्हास वाटते. मुंबईतील मृत्यूंचे प्रमाण जातवार काढले असता असे आढळले की, ज्यांस कनिष्ठ मानले जात असे त्या जातींत दर हजारी ६१.६ माणसे मेली, इतर हिंदूंत दर हजारी १८.९, आणि युरोपियनांत ८.३. रोग तर एकच, हवाही एकच. फरक होता तो खोलीत किती माणसे निजत याचा, पाणी कोठून मिळे याचा, आजारी माणसास एक दिवस काम सोडता येई की नाही याचा आणि त्याच्या उशाशी औषध घेऊन कोणी जाई की नाही याचा. मरण सर्वांस समान आहे, हे वाक्य कीर्तनात शोभते. मृत्यूच्या नोंदवहीत ते खोटे ठरते. ज्यांच्या घरांवर साथीचा सर्वांत मोठा घाला पडला त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या दृष्टीने तो खुर्दा होता. हे सत्य कटु आहे, पण कबूल केलेच पाहिजे.

प्लेगची गोष्टही विचारात घेण्यासारखी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग डॉ. अकासियो व्हिएगश या मूळच्या गोमंतकीय वैद्याने ओळखला. पुढील तीन-चार दशकांत त्याने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. आज शाळेतील मुलास प्लेगविषयी विचारावे तर तो रँडसाहेबाचा जुलूम आणि २२ जून १८९७ ची रात्र सांगेल. ते सांगणे रास्तच आहे. परंतु त्याच वर्षी १० मार्च रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या, हे किती मुले सांगतील? त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना चालविला होता आणि ज्यांस शिवण्यास जग तयार नव्हते अशांस सावित्रीबाई तेथे नेत असत. सूडाची कथा आपण पाठ केली. सेवेची कथा फार उशिरा आणि अर्धवट ऐकली. रोग्यांची कथा तर ऐकलीच नाही.

येथे कोणी विचारील की, मेलेल्यांची गणती करून मेलेली माणसे परत येणार आहेत काय? नाहीत. परंतु जिवंत माणसे वाचतात, आणि हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती मिळवून सरकारकडे वृत्तांत धाडले. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसास एक पौंडावर आणिले, तेव्हा मजुरांनी कामे सोडली, आणि एवढ्या अन्नावर मनुष्य जगत नाही हे सभेने कागदोपत्री मांडले. त्याच काळात जोतीराव फुले व सत्यशोधक मंडळी यांनी धनकवडीस निराश्रित मुलांकरिता अन्नछत्र चालविले. त्या दुष्काळात देशभर पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे. ती इतकी उघडपणे मोजली व मांडली गेली म्हणूनच चौकशीचे कमिशन बसले, १८८० साली त्याचा अहवाल आला, आणि पुढे दुष्काळी कायदेसंहिता तयार झाल्या. उलट १९४३ साली बंगाल सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही. त्यामुळे त्या संहिता कपाटात राहिल्या आणि सुमारे तीस लाख माणसे मेली. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्राने रस्त्यांत मरणाऱ्यांची छायाचित्रे छापली तेव्हाच दिल्लीस व लंडनास ही गोष्ट टाळता येईनाशी झाली. आमच्याच महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लक्षावधि लोकांस कामे देण्यात आली, त्या अनुभवातून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००५ साली तेच तत्त्व देशाने उचलले. मोजलेले मरण राज्यकर्त्यास जाब विचारते. न मोजलेले मरण त्याची निद्रा मोडीत नाही.

दुसरा आक्षेप धर्माच्या नावाने येतो. दुःख हे प्रारब्ध आहे, ते मुकाट्याने भोगावे. मरणाची वाच्यता अशुभ आहे, ती घरात करू नये. या आक्षेपास आमचे उत्तर असे की, स्वतःच्या दुःखास प्रारब्ध मानून धीर धरणे हे कदाचित शहाणपणाचे असेल, परंतु दुसऱ्याच्या दुःखास प्रारब्ध म्हणणे हा निव्वळ आळस आहे, आणि पुष्कळदा स्वार्थही आहे. विधवेच्या हालांस तिचे प्रारब्ध म्हणणाऱ्या समाजाने शतकानुशतके तिचे केस उतरविले व तिची स्त्रीधने खाल्ली. १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिले, १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, तेव्हा या प्रारब्धाचे कर्ते कोण ते उघड झाले. दुःखाची हकीकत लिहिली म्हणजे त्याचे कारण दिसू लागते. आणि कारण दिसले म्हणजे प्रारब्धाचा पडदा फार वेळ टिकत नाही.

तिसरा आक्षेप असा की, नोंदी ठेवावयास सरकार समर्थ आहे. १९६९ चा जन्म-मृत्यु नोंदणीचा कायदा आहे, दाखले मिळतात, मग नागरिकांनी त्यात का पडावे? परंतु २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दृष्ट्या कारण प्रमाणित झालेले मृत्यु शेकडा तेवीसपेक्षाही कमी होते. करोनाच्या साथीत देशातील मृत्यूंचा सरकारी आकडा सव्वापाच लाखांच्या थोडा वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांतील अधिक मृत्यूंचा अंदाज सत्तेचाळीस लाख केला आणि सरकारने तो अमान्य केला. या वादाचा निकाल देणे आमच्या आवाक्यातील नाही. पण दोन आकड्यांमधील अंतर बेचाळीस लाखांच्या आसपास असावे आणि त्या अंतराने कोणाची झोप उडू नये, हे पाहिले म्हणजे १७६१ च्या त्या सावकाराचे शब्द आठवल्यावाचून राहत नाहीत.

सरकारी नोंद मरण सांगते, मरणाची हकीकत सांगत नाही. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून निजलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या कारखान्यातून पायी घरी निघाले होते, कारण काम बंद झाले होते आणि गाड्याही बंद होत्या. त्यांचे मरण अपघात म्हणून नोंदले गेले. तो अपघात होता खराच. परंतु ती माणसे रुळांवर का निजली, हे सांगण्यास नोंदवहीत रकाना नाही. तसेच शेतकऱ्याने कर्जापायी जीव दिला असता त्याच्या घरच्यांस एक लाखाच्या मदतीस 'पात्र' की 'अपात्र' ठरविण्याकरिता जिल्ह्यात समिती बसते. मरणसुद्धा अपात्र ठरू शकते, हे आमच्या पूर्वजांस सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेविला नसता!

सुदैवाने गेल्या ऐंशी वर्षांत ज्यांस खुर्दा मानले गेले त्यांनी स्वतःच लेखणी हाती घेतली आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा, काम सुटल्यावर पोटाकरिता मसणवटीतील राखेतून सोन्याचे कण शोधतो. मोहरांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी. मेलेल्याच्या अंगावरील सोने आणि जिवंत माणसाची भूक यांची गाठ तीत पडते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली निघाले आणि त्यापाठोपाठ आत्मकथनांची जी रांग लागली तिने मराठी वाङ्मयाचा पाया रुंद केला. काही रसिकांनी त्यावर रडगाण्याचा आरोप केला. ज्या वाङ्मयास राजवाड्यातील रडणे करुणरस वाटतो आणि वस्तीतील रडणे रडगाणे वाटते, त्या वाङ्मयाची कसोटी तपासून घेणे बरे.

केवळ उपदेश करून लेख संपविणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. म्हणून तीन सूचना करतो. पहिली ही की, प्रत्येक शहरातील नगरवाचनालयाने २०२० व २०२१ या दोन वर्षांची एक मृत्युवही करावी. घरच्यांच्या संमतीने मृताचे नाव, वय, धंदा, गाव, आणि शेवटचे आठ दिवस कसे गेले याची चार ओळींत हकीकत तीत लिहावी. सफाई कामगार, स्मशानातील कामगार, आशा सेविका व परप्रांतीय मजूर यांची पाने प्रथम भरावी, कारण तीच प्रथम हरवतील. अजून साक्षीदार जिवंत आहेत. वीस वर्षांनी ते मिळणार नाहीत. दुसरी सूचना जुन्या पेढ्यांस. १८९६ व १९१८ या सालांच्या रोजकिर्दी व खतावण्या ज्यांच्या माळ्यावर पडून असतील त्यांनी त्या रद्दीत न घालता अभ्यासकांस दाखवाव्या. दुकान कोणत्या तिथीपासून किती दिवस बंद राहिले, कोणत्या गिऱ्हाइकाचे खाते मध्येच थांबले, कोणाचे येणे सोडून दिले, ही माहिती दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. तिसरी सूचना शिक्षकांस. लढाई शिकविताना एकदा तरी मुलांस विचारावे की, या लढाईनंतर आपल्या गावात किती घरी दिवा लागला नसेल? उत्तर पुस्तकात नाही. ते मुलांनी आजोबा-आजींस विचारून आणावे.

ज्या वहीत मोहरांची बाब लिहिली आहे आणि रुपये-खुर्दा सोडून दिला आहे, ती वही कोणताही मुनीम दिवाळीच्या वहीपूजनास पुढे ठेवणार नाही. इतिहासाच्या वहीस आपण तोच नियम लावावा, याहून अधिक आमचे मागणे नाही.